दिवेलागणीचे समर्थ

आपल्या सोसायटीला २५ वर्षं पूर्ण होतायत, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. आयुष्य बँकेत आकडेमोड करण्यात गेलं. लेख वगैरे लिहायची सवय नाही. पण मग ते म्हणाले की शनिवारच्या स्तोत्राबद्दल लिहा, तेवढं तर तुम्हीच लिहू शकाल. त्यावर मला नाही म्हणता आलं नाही.

नव्याने राहायला आलेल्यांसाठी सांगते. आपल्या इमारतीत लोक राहायला आले त्याच वर्षी हा प्रघात सुरू झाला. तेव्हा लिफ्ट चालू नव्हती, जिन्यात दिवे नव्हते आणि संध्याकाळी वीज गेली की मुलं घाबरून आयांना चिकटायची. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी एका शनिवारी सगळ्या पोरांना खाली पार्किंगमध्ये गोळा केलं, एक समई लावली आणि भीमरूपी म्हणायला शिकवली. आजी आता नाहीत. त्यांची समई आपल्या ऑफिसच्या कपाटात आहे आणि दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता ती बाहेर निघते. सुरुवातीला वीस-बावीस मुलं असायची. मग ती मोठी झाली, क्लास लागले, परगावी-परदेशी गेली. मध्ये असेही शनिवार गेले की समईपाशी आम्ही तिघीच होतो.

खरं सांगायचं तर मीही तिथे भक्तीने जात नव्हते. शेजारधर्म म्हणून जायचे. लहानपणी वडील दिवेलागणीला आम्हा भावंडांना ओळीने बसवायचे आणि स्तोत्र झाल्याशिवाय ताट वाढलं जायचं नाही. त्यामुळे माझ्या डोक्यात भीमरूपी आणि भूक यांचं नातं पक्कं झालेलं. आमच्या घरात तर ह्यांचा या सगळ्याला विरोधच. विरोध म्हणजे भांडण नाही, चेष्टा. अर्थ न कळता पोपटासारखं म्हणून काय मिळतं, असं ते मला दर शनिवारी विचारायचे. त्यांचंही पाठांतर लहानपणी झालेलं होतं, पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्यांनी ते सोडलं ते सोडलंच.

२०१९ च्या दिवाळीआधी ह्यांना पक्षाघात झाला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, डोळ्यांत दिसायचं, पण शब्द बाहेर यायचा नाही. पाणी हवं असलं तरी पाणी म्हणता येत नव्हतं. चाळीस वर्षं ज्या नावाने मला हाक मारली ते नाव तोंडातून निघेना. सोसायटीतल्या सगळ्यांनी त्या दिवसांत जे केलं ते मी इथे मोजत बसत नाही, पण विसरलेले नाही.

घरी आणल्यानंतरचा दुसरा की तिसरा शनिवार असेल. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, पलंग खिडकीशी. खालून मुलांचे आवाज आले. मी ह्यांच्या उशाशी बसले होते. आणि माझ्या लक्षात आलं की ह्यांचे ओठ हलतायत. आवाज घोगरा, अर्धवट, पण शब्द स्तोत्राचेच. मुलांच्या मागोमाग नाही, त्यांच्याबरोबर. दोन श्लोक म्हटले आणि थांबले, आणि स्वतःच दचकून माझ्याकडे बघायला लागले.

मला काय वाटलं असेल? आनंद झाला, हे खरं. पण त्याच्या जोडीला रागही आला, तोही खरा. ज्या माणसाने पन्नास वर्षं ज्याची टिंगल केली ते त्याच्या तोंडून आलं आणि माझं नाव येत नाही? मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

वाचा-उपचार करायला येणाऱ्या मुलीने नंतर समजावून सांगितलं. लहानपणी लयीत, पुन्हा पुन्हा घोकून पाठ झालेलं जे असतं, म्हणजे आकडे, वार, गाणी, प्रार्थना, ते मेंदूत आपल्या रोजच्या बोलण्यापेक्षा वेगळ्या वाटेने साठवलेलं असतं. बोलण्याची वाट बंद पडली तरी ही वाट पुष्कळदा उघडी राहते. तो चमत्कार नाही आणि तेवढ्याने माणूस बोलायला लागेल असंही नाही. पण आवाज, श्वास आणि जीभ पुन्हा कामाला लावायला त्याचा उपयोग होतो. म्हणून तिने सांगितलं की रोज म्हणा.

म्हणून आम्ही रोज म्हणायला लागलो. आणि रोज म्हणताना मला पहिल्यांदाच प्रश्न पडला की हे ज्यांनी लिहिलं ते समर्थ रामदास होते तरी कसे? ऐकीव माहिती सगळ्यांना असते, तेवढी मलाही होती. रात्री ह्यांना झोप लागली की मी वाचायला बसायचे. त्या वाचनातून मला जे समर्थ दिसले ते सांगते.

मराठवाड्यात जालना जिल्ह्यात जांब नावाचं गाव आहे. तिथे सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी, नारायणाचा जन्म झाला. घराणं सूर्योपासक, रामभक्त. मोठा भाऊ गंगाधर. नारायण सात-आठ वर्षांचा असताना वडील गेले. मुलगा हूड, झाडावर चढणारा, पाण्यात उड्या मारणारा, पण मधूनच एकदम गप्प होणारा. एकदा दिवसभर कुठे सापडेना. आई शोधत शोधत घरातल्या अंधाऱ्या खोलीत गेली तर हा तिथे बसलेला. काय करतोस असं विचारल्यावर म्हणाला की जगाची काळजी करतोय. ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय आणि हसून सोडून दिलीय. पण वडील नुकतेच गेलेलं लहान मूल अंधारात एकटं बसलंय, असं चित्र डोळ्यांपुढे आणून बघा. मला तरी त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

बाराव्या वर्षी लग्न ठरलं. आसनगावला मांडव पडला. मंगलाष्टकं चालू असताना सावधान हा शब्द ऐकला आणि मुलगा बोहल्यावरून पळाला, ही कथा तर घरोघरी माहीत आहे. मला ती वाचताना प्रत्येक वेळी अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या राहिलेल्या त्या मुलीची आठवण येते, आणि राणूबाईंची. वडील गेलेले, धाकटा पळालेला. मोठ्या माणसांच्या चरित्रात घरच्या बायकांच्या वाट्याला काय येतं, ते दोन ओळींत उरकलेलं असतं. असो.

नारायण निघाला तो चालत नाशिकला पोचला. जांबेपासून नाशिक दोनशे किलोमीटरहून जास्त. बारा वर्षांचा मुलगा, पायी. पंचवटीत रामाचं दर्शन घेतलं आणि जवळच टाकळी इथे, नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ तो राहिला. तिथे बारा वर्षं, साधारण १६२० ते १६३२. दिनक्रम ठरलेला. पहाटे नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून गायत्रीचा आणि तेरा अक्षरी राममंत्राचा जप, सूर्यनमस्कार, दुपारी माधुकरी मागून आणलेलं अन्न, मग वाचन, लेखन, श्रवण. याच काळात त्यांनी वाल्मीकी रामायण स्वतःच्या हाताने उतरवून काढलं असं सांगतात. ती पोथी धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलेली आहे.

परंपरा सांगते की टाकळीला त्यांनी राममंत्राचा तेरा कोटी जप केला. मी बँकेतली बाई, मला आकडा दिसला की हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाही. बारा वर्षांचे ४,३८३ दिवस. तेरा कोटीला त्याने भागलं तर रोजचे २९,६६० येतात. सेकंदाला एक धरला तरी सव्वाआठ तास होतात. म्हणजे आपली बँकेची पूर्ण पाळी, जेवणाच्या सुट्टीसकट, आणि रविवार-बँकहॉलिडे काहीही नाही. सलग बारा वर्षं. मला त्यातलं अध्यात्म कितपत कळलं ते माहीत नाही, पण त्यातली हजेरी कळली. बत्तीस वर्षं मस्टरवर सही केल्यामुळे कळली असेल.

आणि एक गोष्ट लक्षात आली. एकच शब्द दिवसाला तीस हजार वेळा म्हणणाऱ्या माणसाला पाठांतराबद्दल काहीतरी ठाऊक असणार. लय म्हणजे काय, श्वास कुठे घ्यायचा, जीभ कुठे अडखळते, माणूस कंटाळला की काय होतं, हे त्याने स्वतःच्या अंगावर काढलेलं असणार. भीमरूपी नीट बघा. पंधरा श्लोकांचं स्तोत्र, तसं त्यातच सांगून ठेवलंय. दोन-तीन मिनिटांत होतं. चरण आखूड, एका श्वासात बसणारे. ट, ठ, ड, ढ असली कडक अक्षरं जागोजाग पेरलेली, त्यामुळे पुटपुटता येतच नाही, तोंड उघडून ठणठणीत म्हणावंच लागतं. लहान मुलांना ते का आवडतं? कारण त्यात गोष्ट पळते. डोक्यावर वळलेलं शेपूट, कानातली कुंडलं, उड्डाण, डोंगर उपटून आणणं, आणि कणाएवढा असलेला मारुती वाढत वाढत सगळ्या विश्वाला व्यापतो. उपचार करणारी मुलगी मला म्हणाली होती की जिभेला आणि ओठांना हा चांगला व्यायाम आहे. समर्थांनी ते पक्षाघातासाठी लिहिलं नव्हतं, हे उघड आहे. पण माणसाच्या तोंडात बसेल असं लिहिलं होतं, हे नक्की.

टाकळीनंतर पुढची बारा वर्षं ते देशभर फिरले. काशी, अयोध्या, मथुरा, द्वारका, बदरीनारायण, जगन्नाथ, रामेश्वर. तीर्थयात्रा म्हणून निघाले, पण वाटेत डोळे उघडे होते. ते निघाले तो काळ आठवा. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खन आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला होता. पाऊस नाही, त्यात फौजांची येजा. गावं ओस पडली, माणसं देशोधडीला लागली. हे सगळं समर्थांनी पायी चालत पाहिलं. निसर्गाने मारलं आणि राजाने लुटलं तर रयतेने जायचं कुठे, हे त्यांनी पुढे आपल्या लहान प्रकरणांतून लिहून ठेवलंय. देवाला आळवणारी त्यांची करुणाष्टकं वाचताना मला आधी वाटायचं की हा फक्त भक्ताचा विरह आहे. आता वाटतं, त्यात भुकेलेली गावंही आहेत.

चोवीस वर्षांनी ते जांबेला घरी गेले. दारात उभे राहिले तेव्हा आईने त्यांना ओळखलं ते आवाजावरून, कारण तिची दृष्टी गेलेली होती. परंपरेत पुढे असं सांगितलंय की मुलाने हात फिरवला आणि तिला दिसायला लागलं. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ते तसंच घ्यावं. मी मात्र आवाजापाशीच थांबते. चोवीस वर्षांत मुलगा बदलला, दाढीजटा वाढल्या, पण आवाज कानाने धरून ठेवला होता. हे मला पटतं. आमच्या घरी मी दीड वर्ष एका आवाजाची वाट बघत बसले होते, म्हणून पटतं.

१६४४ च्या सुमारास समर्थ कृष्णाकाठी आले आणि मग तिकडचेच झाले. महाबळेश्वर, वाई, माहुली, कऱ्हाड हा सगळा टापू. इथे त्यांनी जे केलं त्याने ते आपल्या रोजच्या जगण्यात आले. गावोगावी मारुती बसवायला सुरुवात केली. शहापूर, मसूर, चाफळचे दोन, शिंगणवाडी, उंब्रज, माजगाव, बहे-बोरगाव, मनपाडळे, पारगाव आणि बत्तीस शिराळा, हे ते प्रसिद्ध अकरा. आजच्या सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत ते येतात. शहापूरचा चुन्याचा आहे. बह्याचा कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर आहे. शिंगणवाडीचा टेकडीवरचा, अगदी लहानसा. मोठमोठी देवळं बांधायला पैसा नव्हता आणि त्या दिवसांत मोठं देऊळ म्हणजे नजरेत भरणारी गोष्ट. मारुतीला काय लागतं? एक दगड, शेंदूर, तेल आणि समोर मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत पोरं जोर-बैठका काढणार, नमस्कार घालणार, आणि दिवेलागणीला गाव जमणार.

इथे मला आमच्या पार्किंगमधल्या आजी आठवतात. त्यांच्याकडे तरी काय होतं? एक समई, एक सतरंजी आणि मोकळी जागा. अंधाराला घाबरणारी मुलं एकत्र आली, एका आवाजात ओरडून म्हणायला लागली आणि भीती कमी झाली. स्तोत्राच्या शेवटी फलश्रुती असते. भुताखेतांची भीती जाते, रोग जातात, चिंता तुटतात, घरात धनधान्य वाढतं, असं त्यात सांगितलंय. आमचं धनधान्य काही वाढलं नाही आणि रोगही अचानक पळाला नाही. पण भीतीबद्दल जे म्हटलंय ते मी माझ्या डोळ्यांनी दोनदा पाहिलंय. एकदा जिन्यातल्या पोरांच्या बाबतीत आणि एकदा स्वतःच्या.

१६४८ साली चाफळला रामाचं मंदिर उभं राहिलं. मूर्ती अंगापूरच्या डोहातून वर काढली असं सांगतात. रामनवमीचा उत्सव सुरू झाला, माणसं जमायला लागली, त्यांच्यासाठी शिधा लागायला लागला. मग शिष्यांनी गावोगाव भिक्षेला जायचं. परंपरा असं सांगते की त्या वेळी दारात उभं राहून म्हणायला म्हणून मनाचे श्लोक रचले गेले. २०५ श्लोक, सगळे भुजंगप्रयात वृत्तात, मनाला उद्देशून. म्हणजे बघा, भिक्षेची झोळी घेऊन आलेला माणूस धान्य मागायच्या आधी घरातल्या माणसाच्या हातात काहीतरी ठेवून जातो. गणपतीत आपण मंडपात सगळ्यात आधी जी आरती म्हणतो ती समर्थांची. तिच्या पाठोपाठ येणारी शंकराची आरतीही त्यांचीच. म्हणजे २५ वर्षं आपण दरवर्षी दहा दिवस, दिवसातून दोनदा, त्यांचे शब्द म्हणतोय आणि बहुतेकांना ते कुणाचे हे आठवतही नाही. कवीला याहून मोठं काय हवं?

शिष्यांमध्ये बायकाही होत्या, हे मला वाचनातच नीट कळलं. वेणाबाई लहान वयात विधवा झालेल्या. त्या काळी अशा बाईने कोपऱ्यात बसायचं. समर्थांनी त्यांना दीक्षा दिली, कीर्तनाला उभं केलं आणि मिरजेचा मठ त्यांच्याकडे सोपवला. त्यांनी सीतास्वयंवरासारखं काव्य लिहिलं. त्यांची समाधी सज्जनगडावर आहे. अक्काबाई चाफळचा आणि पुढे गडाचा कारभार बघत होत्या. म्हणजे मघाशी मी बायकांबद्दल जी तक्रार केली, तिचं सगळं नाही तरी थोडं उत्तर इथे मिळतं.

मग महाडजवळची शिवथरघळ. सह्याद्रीच्या पोटात, पावसाळ्यात समोर धबधबा कोसळणारी गुहा. तिथे दासबोध झाला. समर्थ सांगायचे आणि कल्याणस्वामी लिहून घ्यायचे. वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास, म्हणजे दोनशे समास. मला वाटलं होतं की सगळा ब्रह्म आणि माया यांचा विचार असेल. तो आहेच. पण त्यात अक्षर कसं काढावं, शाई-लेखणी कशी असावी, ओळी कशा सरळ याव्यात, यावर एक समास आहे. मूर्ख कोणाला म्हणावं याची लांबलचक यादी आहे, ती वाचताना माणूस आधी हसतो आणि मग स्वतःलाच शोधायला लागतो. आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्ख आहे. खूप शिकलेला, सगळं पाठ असलेला, दुसऱ्याला उपदेश करणारा, पण स्वतः त्यातलं काही न करणारा.

तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं. कारण ह्यांचा जो जुना प्रश्न होता, पोपटासारखं म्हणून काय मिळतं, तो समर्थांनी स्वतःच आधी विचारून ठेवला होता. नुसत्या पाठांतरावर त्यांचाही विश्वास नव्हता. ते अर्थ मागतात, विवेक मागतात, प्रयत्न मागतात. पण पाठांतर सोडून द्या असं मात्र ते कुठे सांगत नाहीत. मी माझ्यापुरता त्याचा असा अर्थ लावला की पाठांतर हे बँकेतल्या मुदत ठेवीसारखं आहे. लहानपणी आईवडील आपल्या नावावर ठेवतात, आपल्याला तेव्हा त्याचं मोल नसतं, ताटाची घाई असते. नुसती ठेव ठेवून कोणी श्रीमंत होत नाही, ती कधीतरी मोडून वापरावी लागते. पण ज्याने ठेवलीच नाही तो अडचणीच्या दिवशी काय मोडणार?

समर्थ शेवटची वर्षं सज्जनगडावर राहिले, १६७६ पासून. तंजावरहून रामपंचायतनाच्या मूर्ती आल्या, त्या त्यांनी पाहिल्या, आणि शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला, म्हणजे १६८२ च्या सुरुवातीला, त्यांनी देह ठेवला. तीच दासनवमी. समाधीवर संभाजी महाराजांनी मंदिर बांधलं. वर राम, खाली समाधी. समर्थ आणि शिवाजी महाराज यांच्या भेटींवरून अभ्यासकांमध्ये वाद आहेत, ते त्यांनी वाद घालावेत, आपल्या स्मरणिकेत ते नकोत. मला एवढंच दिसतं की त्यांच्या मागे ना राज्य राहिलं ना संपत्ती. राहिले ते मठ, मारुती आणि लोकांच्या तोंडात बसलेले शब्द. त्यातले शब्द सगळ्यात टिकाऊ निघाले.

आपली सहल सज्जनगडला गेली होती ती पुष्कळांना आठवत असेल. गाडी बरीच वर जाते, तरी पुढच्या पायऱ्या चढाव्याच लागतात. तेव्हा ह्यांचे पाय धडधाकट होते. सगळ्यांच्या आधी वर पोचले, प्रसादाची गव्हाची खीर दोनदा मागून घेतली, आणि संध्याकाळी करुणाष्टकं सुरू झाली तेव्हा बाहेर तटावर जाऊन वारा खात उभे राहिले. मी आत बसले होते. आज वाटतं, मीही त्या वेळी बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिले असते तरी समर्थ रागावले नसते.

आता आमच्या घरचं सांगून संपवते. वाचेचे उपचार, व्यायाम, औषधं, हे सगळं डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चाललं आणि चालू आहे. ते सोडून केवळ स्तोत्र म्हणा, असं मी कुणालाही सांगणार नाही. रोज सकाळी आणि दिवेलागणीला आम्ही दोघं भीमरूपी म्हणायचो. आधी दोन श्लोक, मग पाच, मग सगळे पंधरा. मधल्या लॉकडाऊनमध्ये उपचाराला कुणी येऊ शकत नव्हतं, तेव्हा तर तेवढंच होतं. खाली पार्किंग रिकामं होतं म्हणून मुलांनी आपापल्या खिडक्यांतून सात वाजता म्हणायला सुरुवात केली, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवेल. ती खास आमच्या खिडकीसाठी होती हे मला नंतर कळलं. त्या मुलांचे आभार मानायचे राहून गेलेत, ते इथे मानते.

दीड वर्षांनी एका सकाळी, श्लोक म्हणून झाल्यावर, ह्यांनी श्वास घेतला आणि त्याच लयीत, त्याच ठणक्यात माझं नाव घेतलं. पूर्ण नाही, पहिली दोन अक्षरं. स्तोत्राचाच पुढचा चरण असल्यासारखं. उपचार करणारी मुलगी म्हणाली की होतं असं कधीकधी, एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर पाऊल पडतं. मी काहीच म्हटलं नाही. आजही ते सलग बोलू शकत नाहीत. पाणी, चहा, नको, बस, मुलीचं नाव, माझं अर्धं नाव आणि आणखी पंधरावीस शब्द. एवढ्यावर आमचा संसार व्यवस्थित चालतो. अर्थ न कळता म्हणून काय मिळतं हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारलेला नाही. विचारता येत नाही म्हणून की विचारायचा नाही म्हणून, ते त्यांचं त्यांना माहीत. पण दर शनिवारी पावणेसातला ते व्हीलचेअरकडे बोट दाखवतात.

वर्धापनदिनाचा कार्यक्रम शनिवारीच आहे. सत्कार, भाषणं, मुलांचे नाच सगळं व्हायचंय. समितीला मी एवढीच विनंती केलीय की सात वाजता पाच मिनिटं माईक बंद ठेवावा. समई लागेल. ज्यांना येतं त्यांनी म्हणावं, ज्यांना येत नाही त्यांनी मुलांना मांडीवर घेऊन बसावं. अर्थ पुढे सावकाश सांगता येईल, तोही सांगाच. पण ठेव आज ठेवून टाका.